रोड बाईकला मडगार्ड: आधी फट मोजा, मग निवड करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शर्यतीच्या धाटणीची रोड बाईक आहे, टायर २५ मिमीचे, ब्रेक रिमला धरणारे कॅलिपर, आणि तिच्यावरून तुम्ही रोज कामावर जाता. रस्ता ओला असला की पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो. फ्रेमला मडगार्डसाठी भोकं नाहीत. सीटखाली अडकवायचं आखूड मडगार्ड पुरेल, की पूर्ण लांबीचं बसवायचा खटाटोप करावा, आणि त्यातलं कोणतं घ्यावं, हे तुम्हाला हवंय.

सायकली दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे आणि कामावर जाणं-येणंही सायकलनेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाठीवरचा पट्टा दिसतो, म्हणून तो आधी खुपतो. पण रोज सायकल वापरणाऱ्याचं जास्त नुकसान पुढचं चाक करतं. मागचं चाक शर्ट खराब करतं. शर्ट बदलता येतो, वरून जॅकेट घालता येतं. पुढचं चाक बूट, मोजे आणि पँटचा खालचा भाग भिजवतं, आणि ते ओले बूट दिवसभर पायात राहतात. शिवाय तोच फवारा चेन, पुढची चाकी आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या दांड्यांची मधली धुरा बसते तो भाग) जातो. त्यातली बारीक वाळू चेनच्या तेलात मिसळली की चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चाक्यांचा संच) दोन्ही झपाट्याने झिजतात. दुरुस्तीला येणाऱ्या सायकलीला मडगार्ड होतं की नव्हतं, हे मला तिची चेन आणि फ्रेमचा खालचा भाग बघून कळतं. पाण्याच्या बाटलीचं तोंडही याच फवाऱ्याच्या वाटेत असतं, आणि रस्त्यावरच्या पाण्यात काय काय असतं ते वेगळं सांगायला नको.

म्हणून ‘कोणतं मडगार्ड घेऊ’ हा प्रश्न मी थोडा मागे ठेवतो. त्याआधी दोन प्रश्न येतात: पाणी नेमकं कुठून कुठे उडतं, आणि तुमच्या सायकलीत टायरभोवती जागा किती आहे. ही दोन उत्तरं मिळाली की बहुतेक वेळा निवडीला एक-दोनच पर्याय उरतात.

आधी पाण्याचं बघू. फिरत्या टायरवरून सुटणारा थेंब स्पर्शरेषेच्या दिशेने जातो. सायकल पुढे चालली असताना प्रत्येक चाकाची मागची बाजू जमिनीकडून वर चढत असते. टायर जमिनीपासून सुटल्या सुटल्या निघालेले थेंब जवळजवळ आडवे मागे जातात. थोडं वर आल्यावर सुटलेले तिरके मागे-वर जातात. हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीला सुटलेले सरळ वर, आणि त्याच्याही वर सुटलेले वर-पुढे झेपावतात. मागच्या चाकाचे हे शेवटचे थेंब तुमच्या पाठीवर येतात. त्यामुळे पाठ वाचवायला चाकाच्या माथ्यामागचा थोडासा भाग झाकला तरी बरंच काम होतं, आणि सीटखालचं आखूड मडगार्ड याच जोरावर चालतं.

पुढच्या चाकाचं गणित मात्र उलटं आहे. तिथे पायांवर येणारे थेंब टायरच्या मागच्या, खालच्या भागातून सुटतात. कागदावर काढून बघा: चाकाची त्रिज्या सुमारे ३३ सेंमी, पुढच्या हबपासून बॉटम ब्रॅकेटपर्यंत साधारण ५८ ते ६० सेंमी. चाकाच्या मागच्या खालच्या पावभागातून वेगवेगळ्या जागी स्पर्शरेषा काढल्या, तर त्यांतल्या बहुतेक तुमच्या पावलांवर आणि नडग्यांवर येऊन आदळताना दिसतील. म्हणजे पुढचं मडगार्ड वर कितीही सुबक झाकत असलं, तरी ते जमिनीपासून वीतभर उंचीवर संपलं तर पाय भिजणारच. त्याच्या टोकाला मऊ रबराची किंवा प्लास्टिकची फ्लॅप लावून ती जमिनीपासून ५-६ सेंमीवर आणली की चित्र बदलतं. फ्लॅपखालून फक्त अगदी आडवे थेंब निसटतात, आणि ते पेडल सर्वांत खाली असतानाच बुटाला लागतात. हा छोटासा तुकडा मला सगळ्या मडगार्डमध्ये सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच लोक ‘घासतो, वाईट दिसतो’ म्हणून कापून टाकतात. कृपया कापू नका.

आता जागा. त्यासाठी मोजमापाचं खास साधन लागत नाही, ॲलन कीचा (षटकोनी पान्यांचा) संच पुरतो, कारण प्रत्येक की जितक्या मिमीची तितकीच तिची सपाट बाजूंमधली जाडी असते. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरा आणि १० मिमीची की तीन ठिकाणी सरकवून बघा: पुढच्या ब्रेकखाली, म्हणजे चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) माथ्याशी, मागच्या ब्रेकखाली, आणि बॉटम ब्रॅकेटच्या मागे, जिथे चेनस्टेंमधला (तिथून मागच्या चाकाच्या धुरेकडे जाणाऱ्या दोन नळ्यांमधला) आडवा ब्रिज टायरच्या सर्वांत जवळ येतो. ब्रेक सोडलेला असताना बघा आणि एकदा दाबूनही बघा, कारण काही कॅलिपरचे हात दाबल्यावर खाली उतरतात. ही की तिन्ही ठिकाणी न घासता गेली, तर पूर्ण लांबीचं मडगार्ड बसण्याची शक्यता चांगली. हा १० चा आकडा असा येतो: मडगार्डचा पत्रा किंवा प्लास्टिक आणि त्याला धरणारी पट्टी मिळून ३-४ मिमी, आणि टायर ते मडगार्ड यांत निदान ६ मिमी मोकळी हवा. ही मोकळी जागा चैन म्हणून सोडायची नसते. टायरला चिकटलेली खडी, ओलं पान, जोर लावल्यावर चाकाचं थोडं लवचणं, हे सगळं त्या ६ मिमीत सामावायचं असतं.

एक धोक्याची सूचना: टायरवर २५ छापलंय म्हणजे तो २५ भरेलच असं नाही. हल्लीच्या रिम आतून १९ ते २१ मिमी रुंद असतात, आणि त्यांच्यावर तोच टायर २७-२८ मिमीपर्यंत फुगलेला मी बघितलाय. रुंदीबरोबर उंचीही थोडी वाढते. म्हणून छापील आकड्यावर विसंबू नका, स्वतःच्या सायकलीवर बसवलेला टायर मोजा.

फ्रेम तुमच्या बाजूची आहे की नाही, हे ब्रेककडे बघूनही कळतं. ब्रेकचे पॅड एका उभ्या खाचेत वर-खाली सरकवून घट्ट केलेले असतात. पॅड खाचेच्या वरच्या टोकाजवळ असतील तर रिम ब्रेकच्या जवळ आहे, म्हणजे जागा कमी. खालच्या टोकाला असतील तर जागा बऱ्यापैकी. शर्यतीच्या सायकलींवर साधारणपणे ३९ ते ४९ मिमी पोहोच (ब्रेकच्या बोल्टपासून पॅडपर्यंतचं अंतर) असलेले कॅलिपर असतात. मडगार्डचा विचार करून बनवलेल्या फ्रेमना ४७ ते ५७ मिमीचे लागतात. हे कळलं की बरेच जण लांब पोहोचीचे ब्रेक विकत घ्यायला निघतात. त्याने काही साधत नाही. ब्रेकचा बोल्ट फ्रेममध्ये आहे तिथेच राहणार, रिमही आहे तिथेच. आता पॅड ४४ वर बसत असतील तर ४७ पासून सुरू होणारा ब्रेक त्या रिमपर्यंत वर येऊच शकत नाही. जागा फ्रेम ठरवते, ब्रेक नाही.

किती झाकायचं हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे, आणि ते मी इथून ठरवू शकत नाही. वर्षातून मोजकेच दिवस ओला रस्ता लागत असेल, अंतर थोडं असेल, कामाच्या ठिकाणी बूट बदलायची सोय असेल आणि हीच सायकल सुट्टीच्या दिवशी वेगात पळवायची असेल, तर काढ-घाल करता येणारं मडगार्ड शहाणपणाचं. याउलट आठवडेच्या आठवडे पावसात जावं लागत असेल आणि तुमच्याकडे ही एकच सायकल असेल, तर मडगार्ड कायमचं बसवा. काढ-घाल करायचं मडगार्ड पाऊस येतो त्या दिवशी हमखास घरी राहिलेलं असतं, हे मी गिऱ्हाइकांकडून पुन्हा पुन्हा ऐकतो.

आता पर्यायांकडे. १० ची की तिन्ही ठिकाणी गेली, तर अरुंद, पूर्ण लांबीचं मडगार्ड घ्या. रुंदी टायरपेक्षा ८ ते १० मिमी जास्त हवी. २५ च्या टायरला ३५ मिमीच्या आसपासचं योग्य. त्याहून रुंद घेतलं तर चिमट्याच्या दोन पायांमध्ये आणि ब्रेकखाली अडकतं. अरुंद घेतलं तर बाजूने फवारा निघतो आणि वळणावर टायरची कड घासते. चिमट्याच्या माथ्याशी आतली रुंदी मोजून घ्या. दोन-तीन मिमी कमी पडत असतील तर प्लास्टिकच्या मडगार्डच्या कडा तेवढ्याच जागी थोड्या कापता येतात. गोल कापा आणि कड घासून गुळगुळीत करा, नाहीतर तिथूनच चीर जाते.

१० ची की ब्रेकखाली जात नसेल, तर दुभंगलेली मडगार्ड हा मधला मार्ग आहे. एसकेएस कंपनीचं रेसब्लेड लाँग हे त्याचं बरंच प्रचलित उदाहरण. यात मडगार्ड ब्रेकखालून जात नाही. ब्रेकच्या पुढे एक तुकडा आणि मागे एक तुकडा असतो, आणि दोन्ही ब्रेकच्या बोल्टवर बसवलेल्या पट्टीला धरलेले असतात. मडगार्डला आधार देणाऱ्या तारा क्विक रिलीजखाली (चाक झटकन काढायच्या खटक्याखाली) बसवलेल्या छोट्या पट्ट्यांना अडकतात, म्हणजे फ्रेमला भोकं नसली तरी अडत नाही. ब्रेकखालचा थोडा भाग उघडा राहतो, तिथून ब्रेकवर पाणी उडतं, पण पाय आणि पाठ जवळजवळ पूर्ण मडगार्डइतकीच वाचतात. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तुमची सायकल याच गटात पडेल.

हे बसवताना एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ब्रेकच्या बोल्टवर एक जादा पट्टी आली की बोल्ट तितका कमी आत जातो. ब्रेक धरणारा नट चिमट्याच्या मागून आत शिरलेला असतो, त्यामुळे तो किती आट्यांवर बसलाय ते बाहेरून दिसत नाही. हाताने फिरवत फेरे मोजा. निदान सहा पूर्ण फेरे बसले पाहिजेत. कमी बसत असतील तर लांब नट मिळतो, तो घ्या. पुढचा ब्रेक या एकाच बोल्टवर आहे, इथे ‘चालून जाईल’ हा शब्द नको. मग ब्रेक मधोमध आणा आणि पॅड रिमवर नीट बसतात का ते पुन्हा तपासा.

तिसरा गट रबरी पट्ट्यांनी चिमट्याला आणि सीटस्टेला (सीटखालून मागच्या चाकाच्या धुरेकडे जाणाऱ्या नळ्यांना) बांधायच्या आखूड मडगार्डचा. लावायला दोन मिनिटं, काढायला एक. पाठ आणि तोंड बऱ्यापैकी वाचतं, पाय अर्धेमुर्धे. मागच्या बाजूला हे मडगार्ड सीटस्टेपाशीच सुरू होतं, त्यामुळे चाकाच्या माथ्यावरून पुढे उडणारं पाणी सीट ट्यूबवर (सीटखालच्या उभ्या नळीवर) आणि पुढच्या डिरेलरवर (चेन एका चाकीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर) आदळतच राहतं. शिवाय रोज पट्ट्या ताणल्या की मडगार्ड थोडं थोडं सरकतं आणि टायरला घासायला लागतं. निघण्याआधी चाक एकदा फिरवून बघायची सवय ठेवावी लागते.

आणि सीटखालची घडीची पट्टी, स्वीडनच्या ॲस सेव्हर्सने लोकप्रिय केलेली. बॅगेत टाकून ठेवायला उत्तम. पाठीचा पट्टा ती बऱ्यापैकी अडवते. पण तुमच्या बुटांसाठी, चेनसाठी, बाटलीसाठी ती काहीच करत नाही, आणि तुमच्या मागून येणाऱ्या सायकलस्वारासाठीही नाही. रोजच्या वापराला एवढ्यावर थांबू नका. सीटपोस्टला लावायचं लांब मडगार्ड घेणार असाल तर दोन गोष्टी बघा: मागचा दिवा त्याच्या आड जात नाही ना, आणि सीटपोस्ट कार्बनची असेल तर तिच्यावर धातूचा पट्टा आवळला जात नाही ना.

इथपर्यंतचं एका ओळीत: फट १० मिमी असेल तर पूर्ण, नसेल तर दुभंगलेलं, आणि क्वचितच लागत असेल तर पट्ट्यांचं. कोणतंही घेतलंत तरी पुढच्याला फ्लॅप.

आता भोकं नसण्याची अडचण. फ्रेम आणि चिमटा धातूचे असतील तर आतून रबर लावलेल्या पी-क्लिप (नळीभोवती आवळायच्या P आकाराच्या पट्ट्या) हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. नळीच्या जाडीचीच क्लिप घ्या. मोठी घेऊन आवळली तर ती फिरते. चिमटा कार्बनचा असेल, आणि तुमच्यासारख्या सायकलींचा बहुधा असतोच, तर पी-क्लिप विसरा. एका बारीक जागी आवळलेला धातू कार्बनला चिरडू शकतो, आणि ते वरून दिसत नाही. तिथे क्विक रिलीजवरच्या पट्ट्या किंवा रबरी पट्ट्या बऱ्या. रबरी पट्टीखालीही आधी पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवा. ओली धूळ पट्टीखाली शिरते, प्रत्येक हादऱ्याला घासते, आणि आधी रंग मग खालचा थर खात जाते. महिन्यातून एकदा पट्टी काढून खालची जागा पुसा. चाकांना क्विक रिलीजऐवजी थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारी जाड धुरा) असेल तर त्या छोट्या पट्ट्या बसत नाहीत, हेही घेण्याआधी बघा.

सुरक्षिततेचे दोन मुद्दे आहेत आणि त्यांच्यावर मी अडून बसतो. पहिला, चाक अडकण्याचा. पुढच्या टायरने उचललेली काटकी मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये शिरली, तर टायर तिला वर ओढत नेतो. काटकी अडली की टायर मडगार्डलाच ओढतो, मडगार्डचं मागचं टोक वर खेचलं जातं, सगळं चिमट्याच्या माथ्याखाली गोळा होतं आणि चाक जागच्या जागी थांबतं. पुढचं चाक अचानक थांबलं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणूनच चांगल्या कंपन्यांच्या पुढच्या तारांना जोर पडल्यावर सुटणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिप असतात: काटकी अडकली की तारा निसटतात, मडगार्ड मोकळं होतं, चाक फिरत राहतं. त्या क्लिप खिळखिळ्या वाटल्या म्हणून त्यांना केबल टायने करकचून बांधलेलं मी अनेकदा बघतो आणि प्रत्येक वेळी कापून टाकतो. क्लिप सैल झाली असेल तर नवी बसवा. मागच्या चाकाला हा धोका कमी आहे, कारण ते अडकलं तर सायकल घसरत थांबते, पण पुढच्याला तडजोड नाही.

याच कारणाने मडगार्डची वक्रता टायरशी कशी जुळवायची हेही ठरतं. टायर मडगार्डमध्ये मागच्या खालच्या टोकाकडून शिरतो आणि पुढच्या टोकाकडून बाहेर पडतो. फट आत शिरताना जास्त आणि पुढे कमी होत गेली, तर आत आलेला खडा अडकायला जागाच तयार होते. म्हणून मी फट सगळीकडे सारखी ठेवतो, किंवा मागच्या टोकापासून पुढे जाताना किंचित वाढती. ब्रेकखाली जागा कमी असल्यामुळे हे तंतोतंत साधतंच असं नाही, पण तिथली कमीत कमी फट ठरवून बाकीच्या तारा त्या मापाने लावता येतात.

दुसरा मुद्दा पायाचा. रोड बाईकचं पुढचं चाक पेडलच्या बरंच जवळ असतं, लहान मापाच्या फ्रेममध्ये तर फारच. मडगार्ड लावलं की हे अंतर आणखी एक-दीड सेंमीने घटतं. सायकलवर बसा, कुणाला तरी धरायला सांगा, पेडल पुढे आडवं ठेवा, रोजचे बूट पायात असू द्या, आणि हँडल हळूहळू वळवा. बुटाचं टोक मडगार्डला लागलं म्हणून सायकल लगेच बाद होत नाही. वेगात असताना हँडल इतकं वळतच नाही. पण अगदी हळू, अरुंद जागेत वळताना पाय आडवा असेल तर मडगार्ड बुटात अडकू शकतं. रोज गर्दीतून, थांबत-चालत जाणाऱ्याला अशी वळणं वारंवार येतात. अंतर थोडंसंच कमी पडत असेल तर पाय पेडलवर जरा मागे ठेवून निभावतं. बूट मडगार्डवर सरळ चढतच असेल, तर पुढे दुभंगलेलं किंवा पट्ट्यांचं मडगार्ड घ्या, आणि बुटाच्या उंचीला फक्त मऊ फ्लॅप येऊ द्या.

बसवण्याबद्दल. मडगार्ड खडखडतं, फुटतं, अशी तक्रार असते तेव्हा दोष मालात कमी आणि बसवण्यात जास्त आढळतो. मडगार्ड कुठेही ओढून-ताणून बोल्टला आणू नका. भोक आणि बोल्ट यांत अंतर उरत असेल तर तेवढ्या जाडीचा वॉशर किंवा नळीचा तुकडा मध्ये घाला. ताणलेलं प्लास्टिक पट्टीपाशी काही महिन्यांत तडकतं. आधी सगळे बोल्ट सैल लावा, चाक फिरवत मडगार्ड मधोमध आणा, मग एकेक घट्ट करा. धातू धातूला टेकतो तिथे रबराचा पातळ वॉशर घातला की आवाज जवळजवळ बंद होतो. बोल्टच्या आट्यांना थोडं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावा, आणि आठवडाभर चालवल्यावर एकदा सगळे बोल्ट पुन्हा तपासा. पहिल्या काही दिवसांत ते हमखास थोडे ढिले होतात.

पुढेमागे भोकं असलेली फ्रेम घेतलीत तर लक्षात ठेवा: मागच्या चाकाच्या चेनकडच्या बाजूचा बोल्ट आतून बाहेर डोकावता कामा नये. डोकावला तर चेन सर्वांत लहान चाकीवर आली की त्याला घासते, आणि माणूस गिअरमध्ये दोष शोधत बसतो. बोल्ट आखूड घ्या किंवा आतल्या बाजूला कापून घासून घ्या. तारांची जादा लांबीही कापा. सुटं टोक टोपीशिवाय ठेवलं तर पोटरीला लागतं.

फ्लॅप विकतचीच हवी असं नाही. जाड पण वाकणारं कोणतंही प्लास्टिक किंवा जुन्या मॅटचं रबर चालतं. खाली थोडी रुंद होत जाणारी कापा, टायरपेक्षा दोन्ही बाजूंना निदान सेंमीभर जास्त. ती मडगार्डच्या बाहेरच्या बाजूने लावा. कौलं जशी वरचं कौल पाण्याच्या बाजूला राहील अशी रचतात, तसं इथे मडगार्डचं टोक आत आणि फ्लॅप बाहेर हवी, म्हणजे आतून उतरणारं पाणी सरळ फ्लॅपवरून खाली जातं, आणि जोडापाशी चिखल साचून टायरला लागत नाही. सायकल उभी करून लिफ्टमध्ये किंवा जिन्यावरून न्यावी लागत असेल तर मागच्या फ्लॅपला मऊ रबरच घ्या, कडक प्लास्टिक तिथे वाकून मोडतं.

साहित्याबद्दल फार विचार करू नका. प्लास्टिक, किंवा दोन प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी असलेलं, रोजच्या आपटाआपटीला चांगलं टिकतं आणि स्वतःच आकारावर येतं. नुसतं ॲल्युमिनियम दिसायला सुंदर आणि ताठ, पण खडीचा आवाज येतो, आणि एकदा पोचा पडला की पडला. वजनाची काळजी बऱ्याच जणांना असते. पूर्ण लांबीची जोडी तारांसकट साधारण अर्धा किलो भरते. कामाची बॅग, कुलूप आणि सुके कपडे वाहून नेणाऱ्या सायकलीवर मी त्याचा विचारच करत नाही.

एक मोह टाळा. जागा कमी पडते म्हणून २५ चे काढून २३ चे टायर लावले की दोनेक मिमी मिळतात, आणि पूर्ण मडगार्ड कसंबसं बसतं. ओल्या, खड्ड्याखुड्ड्यांच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने असं करू नये. अरुंद टायरला हवा जास्त भरावी लागते, हादरे जास्त बसतात, आणि खड्ड्यात ट्यूब चेपून पंक्चर व्हायची शक्यता वाढते. त्यापेक्षा २५ चे टायर आणि दुभंगलेलं मडगार्ड मी केव्हाही पसंत करीन.

तुमच्या सायकलीबद्दल आता माझा कल असा: दुभंगलेलं, क्विक रिलीजवर अडकणारं मडगार्ड, ३५ मिमीच्या आसपास रुंद, पुढे लांब मऊ फ्लॅप, मागे साधी. लावल्यावर ओल्या रस्त्यावरून एकदा जाऊन या आणि आल्यावर सायकल न पुसता बघा. बॉटम ब्रॅकेट आणि बुटांची टोकं चिखलाने भरली असतील तर पुढची फ्लॅप आणखी खाली आणा. सीट ट्यूबवर पट्टा असेल तर मागच्या मडगार्डचा पुढचा तुकडा खाली सरकवा. पण विकत घेण्याआधी तीन गोष्टी कळवा: १० ची की तिन्ही ठिकाणी कुठे जाते आणि कुठे अडते, चिमटा कार्बनचा आहे की धातूचा, आणि पेडल आडवं असताना बुटाचं टोक व टायर यांत किती अंतर राहतं. त्यावरून कोणतं माप घ्यायचं आणि तारा कुठे धरायच्या, हे नेमकं सांगता येईल.